कागद कुणाचा, नांगर कुणाचा

१९१० च्या अखेरीस नाझरेथच्या कायमकामापुढे एक खरेदीखत नोंदणीला आलं. कायमकाम म्हणजे ओटोमन राज्यातला तालुक्याचा मुख्य अंमलदार. त्या वेळी या जागेवर शुक्री अल-असली हे दमास्कसचे घरंदाज अरब गृहस्थ होते. विकणार होते बैरुतचे धनाढ्य व्यापारी इलियास सुरसूक, घेणार होते युरोपातून आलेले ज्यू वसाहतवाले आणि मध्ये दलाल होते येहोशुआ हँकिन. जमीन अल-फुला गावची, साडेनऊ हजार दुनमांच्या घरात. चार दुनमांचा एक एकर धरला तर सुमारे चोवीसशे एकर. विकणाऱ्याचं नाव दप्तरी होतं, किंमत ठरली होती, बोट ठेवण्यासारखं कागदात काही नव्हतं. तरी असलींनी नोंद करायला नकार दिला.

बैरुतहून वरिष्ठांचा दबाव आला. फुलाची कुळं अर्ज घेऊन फिरत होती, पण अर्जांना कोण विचारतो? असलींनी मग वेगळाच मार्ग धरला. गावात क्रुसेडरांच्या एका किल्ल्याचे अवशेष होते. ११८७ मध्ये हत्तीनच्या लढाईनंतर तो सलाहुद्दिनच्या हाती आला होता. असलींनी थेट सलाहुद्दिनचंच नाव धारण करून वर्तमानपत्रांत लिहायला सुरुवात केली. हैफात नजीब नस्सार यांचं ‘अल-कर्मिल’ निघत होतं, दमास्कसात ‘अल-मुक्तबस’. सलाहुद्दिनने जिंकलेला किल्ला आज पैशांवर विकला जातोय, असा त्या लिखाणाचा सूर होता. खंड भरून पोट जाळणाऱ्या कुळांच्या बाजूने लिहिलेलं कुणी वाचलं नसतं. किल्ल्याबद्दलचं सगळ्या सिरियाने वाचलं. असलींची ही चाल हुशारीची होती, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून, फुला ज्या खोऱ्यात होतं तिथल्या जमिनीच्या भांडणात इतिहास शिरला आणि तो पुन्हा बाहेर निघाला नाही, असं मला वाटतं.

व्यवहार अखेर झालाच. १९११ च्या सुरुवातीला फुलाच्या जमिनीवर मेर्हाविया ही वसाहत उभी राहिली. त्याच वर्षी असली दमास्कसमधून निवडून ओटोमन पार्लमेंटात गेले आणि मे महिन्यात जेरुसलेमच्या दोन प्रतिनिधींबरोबर त्यांनी हा विषय सभागृहात काढला. सभागृहाने फार मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास मेर्हावियाच्या राखणदाराशी झालेल्या झटापटीत एक अरब गोळी लागून मेला. आजूबाजूच्या गावांनी वसाहतीला वेढा घातला, मग अटका, मग तडजोड. पाच वर्षांनी, ६ मे १९१६ रोजी, ओटोमन सेनापती जमाल पाशाने अरब राष्ट्रवाद्यांना दमास्कस आणि बैरुतच्या चौकांत फासावर चढवलं. त्यांत असली होते.

आता ही जमीन सुरसूकांच्या नावावर आली कशी, ते पाहायला हवं. इस्रायल-पॅलेस्टाईन वादावर बोलणारे सहसा १९४८ पासून सुरुवात करतात, किंवा १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यापासून, नाहीतर एकदम बायबलपासून. मला विचाराल तर १८५८ च्या एका महसुली कायद्यापासून करावी.

मर्ज इब्न आमिर हे त्या खोऱ्याचं अरबी नाव. ज्यू त्याला एमेक यिझ्रेएल म्हणतात, युरोपियन एस्द्रेलोन. पश्चिमेला कार्मेलचा डोंगर, उत्तरेला नाझरेथच्या टेकड्या, दक्षिणेच्या कडेला जेनीन, आणि पूर्वेकडे उतरत उतरत जॉर्डनपर्यंत. माती काळी, चिकण, गव्हाला नामी. पावसाळ्यात पाणी तुंबायचं, दलदली व्हायच्या, डास व्हायचे. म्हणून जुनी गावं खोऱ्याच्या कडेने किंवा मधल्या टेकाडांवर वसलेली.

इथली बहुतेक जमीन ‘मिरी’ होती. मालकी सुलतानाची, वहिवाट शेतकऱ्याची. त्यातही पुष्कळ गावांत ‘मुशा’ची पद्धत: गावाची सगळी जमीन सामाईक, प्रत्येक घराण्याचे हिस्से ठरलेले आणि दर काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून कोणाला कोणता तुकडा ते नव्याने ठरायचं. चांगली जमीन कायम एकाच्या वाट्याला जाऊ नये, हा हेतू. सरकारी दप्तराला मात्र ही पद्धत डोकेदुखी होती. १८५८ च्या जमीन कायद्याने फर्मावलं की जमीन व्यक्तीच्या नावे नोंदवा, ‘कुशान’ घ्या, म्हणजे मालकीचा दाखला.

कुळांनी नोंदणी टाळली, आणि त्यात मूर्खपणा काही नव्हता. सरकारी वहीत नाव चढलं की मागोमाग कर येतो, आणि कराच्या मागोमाग सैन्यभरती. क्रिमियाचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. गेलेली पोरं किती परत आली ते गावाला ठाऊक होतं. शिवाय नोंदणीला फी. त्यापेक्षा नाव शेखचं लागो नाहीतर शहरातल्या सावकाराचं, नांगर आपलाच चालणार आहे, असा तो हिशोब. सातबाऱ्यावर कुळाचं नाव लागलं नाही की काय होतं, हे महाराष्ट्रात समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे पुढे कूळकायदा आला.

१८७० च्या आसपास ओटोमन खजिना रिकामा होता. १८६९ ते १८७२ या काळात सरकारने मर्ज इब्न आमिरमधली गावंच्या गावं बैरुतच्या व्यापाऱ्यांना विकली. सर्वांत मोठा वाटा सुरसूक घराण्याने उचलला. किंमत वीस हजार पौंडांच्या आसपास सांगतात. सुरसूक म्हणजे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, धान्याचा आणि कापसाचा व्यापार, युरोपच्या सरदार घराण्यांशी सोयरीक, बैरुतच्या अश्रफियात त्यांचे वाडे. त्यांच्याच एका वाड्यात आज कलासंग्रहालय आहे. खोऱ्यात राहायला ते कधी आले नाहीत. मुकादम, पीक, खंड आणि हैफा बंदर, एवढाच संबंध.

पुढे ज्यू वसाहतवाल्यांच्या सांगण्यात हे खोरं निव्वळ दलदल आणि ओसाड रान होतं. अरबांच्या सांगण्यात ते पहिल्यापासून नंदनवन. लॉरेन्स ऑलिफंट हा इंग्रज १८८० च्या दशकात हैफात राहत होता, आणि तो ज्यू वसाहतींचा कट्टर पुरस्कर्ता. त्याने पाहिलं ते खोरं गव्हाने हिरवंगार होतं आणि टेकाडांवरची गावं त्यातून वर आलेली दिसत होती. सुरसूकांना यातून मोठं उत्पन्न मिळतं, हेही तो नोंदवतो. म्हणजे गहू होता आणि दलदलही होती. एका टोकाला पीक, दुसऱ्या टोकाला हिवताप. १९०५ मध्ये हैफाहून खोऱ्यातून पूर्वेला जाणारी रेल्वे सुरू झाली आणि जमिनीचा भाव बदलला.

येहोशुआ हँकिन हे माणूस म्हणून विलक्षण होते. १८६४ मध्ये युक्रेनमधल्या क्रेमेनचुकला जन्म, १८८२ मध्ये आईवडिलांबरोबर पॅलेस्टाईनला. त्याच १८८२ च्या मे महिन्यात झारच्या सरकारने ज्यूंना खेड्यांत नव्याने राहायला आणि जमीन घ्यायला बंदी केली होती. ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तिथे एक वावर घेता येत नाही, आणि वर दंगली. अशा माणसाच्या मनात जमीन या गोष्टीला काय मोल असेल, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खांद्यापर्यंत रुळणारे केस, लांब दाढी, अस्खलित अरबी. फळ्यावर खडूने व्यवहार शिकलेला हा दलाल नव्हे. ओट्यावर बसून कॉफी पीत, घराघरांतली भांडणं, कर्जं, वारसांचे वाद माहीत करून घेत त्याने विद्या कमावली. पत्नी ओल्गा वयाने मोठी, सुईण. याफा बंदरात अरब घरांतही तिचं जाणं-येणं होतं, आणि नवऱ्याच्या अंगावर कर्जाचे डोंगर असताना संसार तिच्या कमाईवर चालला. १८९० मध्ये रेहोवोतची जमीन, १८९१ मध्ये हदेराची. मर्ज इब्न आमिरचा सौदाही त्यांनी १८९१ लाच जवळपास जमवला होता. ओटोमन सरकारने ज्यूंच्या खरेदीवर निर्बंध आणले आणि तो फिसकटला. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी या एका खोऱ्याचा पिच्छा सोडला नाही.

या तीस वर्षांत घेणाऱ्यांच्या बाजूला एक मोठा बदल झाला, आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्यावर फिरलं. १९०१ मध्ये बाझेलच्या झायोनिस्ट काँग्रेसने केरेन कायेमेत हा राष्ट्रीय भूमिनिधी काढला. त्याने घेतलेली जमीन पुन्हा कधी विकायची नाही. ती ज्यू समाजाची कायमची. कसणाऱ्याला ४९ वर्षांच्या पट्ट्याने द्यायची, आणि कामाला माणसं ज्यूच लावायची. ही शेवटची अट द्वेषातूनच आली असं नाही. रशियातून आलेली समाजवादी तरुण पोरं म्हणत होती की दुसऱ्याच्या घामावर जगणारे जमीनदार आम्हाला व्हायचं नाही, आम्ही स्वतः राबू. ऐकायला किती चांगलं! पण कुळाच्या बाजूने पाहिलं तर? आजवर मालक बदलले होते: सुलतान गेला, सुरसूक आला, पण कूळ जागच्या जागी होतं. पहिल्या ज्यू वसाहतींतही अरब मजूर राबत होतेच. आता आलेला मालक कुळाला कूळ म्हणून ठेवणार नव्हता आणि मजूर म्हणूनही नाही. शोषण करायचं नाही, असं ज्याने ठरवलं, त्याच्याच जमिनीत जुन्या माणसाला जागा उरली नाही.

मध्ये महायुद्ध झालं. २० सप्टेंबर १९१८ च्या सकाळी हिंदी घोडदळाच्या सेकंड लान्सर्सनी याच मैदानात तुर्की फळी भाल्यांनी फोडली आणि अल-फुलाशेजारचं अफुला घेतलं. तीन दिवसांनी जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी हैफा काबीज केलं. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या पुतळ्यांमागे तो इतिहास आहे.

युद्धानंतर साहेबांनी नकाशावर रेघ ओढली. बैरुत फ्रेंचांकडे गेलं आणि खोरं ब्रिटिशांकडे. सुरसूकांची जमीन एका देशात, वाडे दुसऱ्या देशात. दूरच्या मालकाला आता ती जमीन लोढण्यासारखी झाली, आणि गिऱ्हाईक रोकडा घेऊन दारात उभं होतं. १९२१ ते १९२५ या पाच वर्षांत सुरसूक आणि त्यांच्या भागीदारांनी सुमारे २ लाख ४० हजार दुनम, म्हणजे साठ हजार एकर, ७ लाख २६ हजार पौंडांना विकले. त्यात वीसहून अधिक गावं होती.

कुळांसाठी कायदा नव्हता असं नाही. १९२० च्या ब्रिटिश वटहुकमात लिहिलं होतं की कुळाच्या निर्वाहापुरती जमीन राखली जाईल याची खात्री झाल्याशिवाय हस्तांतर मंजूर करू नये. पण घेणाऱ्याला जमीन मोकळी हवी होती. मग कुळाला जमिनीऐवजी रोकड देऊन अंगठा घ्यायचा. सावकाराचं देणं प्रत्येकाच्या बोडक्यावर होतंच. हाती आलेले पौंड बहुतेकांच्या बाबतीत तिथेच गेले. किती घरं उठली यावर पुढे वाद झाला. खरेदी करणाऱ्या ज्यू कंपनीचा आकडा ६८८ कुळांचा, त्यांना दिलेली भरपाई सुमारे २७ हजार पौंड. अरब बाजूने १,७४६ कुटुंबं आणि ८,७३० माणसं सांगितली गेली. दोन आकड्यांत एवढं अंतर का? एक बाजू खंडकऱ्यांची नावं मोजत होती. दुसरी नांगऱ्या, गुराखी, सालदार अशी गावावर जगणारी सगळी माणसं. कंपनीचा आकडा धरला, तरी जमिनीला मोजलेल्या शंभर पौंडांमागे कुळांच्या हातात चार पौंडही पडले नाहीत.

दुसऱ्या बाजूला काय घडत होतं तेही तितकंच खरं. सप्टेंबर १९२१ मध्ये नहलाल वसलं. वास्तुविशारद रिखार्ड काउफमान यांनी ते गोल आखलं होतं: मध्ये शाळा नि सार्वजनिक इमारती, भोवती घरांचं कडं, आणि प्रत्येक घरामागून चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरत गेलेली शेतं. त्याच महिन्यात पूर्वेला झऱ्याकाठी ऐन हारोदचे तंबू पडले. पोरं-पोरी विशीतल्या, हातांना फोड, रोज क्विनाइनच्या गोळ्या. दलदलीत चर खणून मातीच्या नळ्या पुरायच्या, पाणी उतरवायचं, निलगिरी लावायची. हिवतापाने माणसं मेली, काही निराश होऊन स्वतःच्या हाताने गेली. या लोकांना लबाड लुटारू म्हणणं हा अडाणीपणा आहे. त्यांनी दाम मोजला होता आणि घाम गाळला होता. शेजारच्या टेकाडावरचं गाव गेल्या वर्षीपर्यंत भरलेलं होतं, हे त्यांना दिसतही होतं.

नोव्हेंबर १९२४ मध्ये अफुलाला नवे मालक नांगर घेऊन आले, तेव्हा जुनी कुळं शेतात आडवी उभी राहिली. दगड, काठ्या, मग गोळी. एक अरब ठार झाला. पुढल्या वर्षी तिथे अफुला शहराची पायाभरणी झाली.

जमिनीखालचा इतिहासही एव्हाना कामाला लागला होता. १९२८ च्या अखेरीस बेत अल्फा इथल्या किबुत्झवाल्यांना, म्हणजे सामाईक शेतीच्या ज्यू वसाहतीतल्या लोकांना, पाटाचा चर खणताना रंगीत खड्यांची फरशी लागली. पुरातत्त्वज्ञ सुकेनिक यांनी खणून काढलं ते सहाव्या शतकातलं ज्यू प्रार्थनामंदिर होतं; फरशीवर बारा राशी, मध्ये सूर्याचा रथ, कडेला हिब्रू अक्षरं. दलदल उपसणाऱ्या पोरांना जणू आजोबांची सही सापडली! असलींचा किल्ला आणि ही फरशी यांच्यामध्ये खोऱ्यातली जेमतेम काही कोसांची वाट आहे. एकाच मातीत दोघांनाही आपापले पुरावे मिळाले, आणि दोघांचेही खोटे नव्हते.

ऑगस्ट १९२९ मध्ये जेरुसलेमच्या पश्चिमी भिंतीवरून वणवा पेटला. १३३ ज्यू मारले गेले, त्यांतले ६७ एकट्या हेब्रोनमधले, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेले. ११६ अरब मेले, बहुतेक ब्रिटिशांच्या गोळ्यांनी. कारण शोधायला आलेल्या शॉ आयोगाने धर्माच्या तिढ्याबरोबर आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं: भूमिहीन, असंतुष्ट असा एक वर्ग तयार होतोय.

मग लंडनने जमिनीचा तपास करायला पाठवले सर जॉन होप सिम्पसन. हे जुने आयसीएस; संयुक्त प्रांतात उमेदवारी केलेले, जमाबंदी कोळून प्यायलेले. त्यांच्यापुढे हा प्रश्न आला तो धर्माचा नव्हे, महसुलाचा म्हणून, आणि त्यांचा ऑक्टोबर १९३० चा अहवाल वाचताना हिंदुस्थानातल्या कलेक्टरचा हात जागोजागी जाणवतो. एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन किती लागते? त्यांचं उत्तर, १३० दुनम. आहे किती? त्याहून पुष्कळ कमी. खेड्यांतली २९.४ टक्के कुटुंबं भूमिहीन, हा त्यांचा आकडा ज्यू संस्थांनी खोडून काढायचा प्रयत्न केला आणि तो काही अगदी पक्का नव्हताच. पण सुरसूक व्यवहाराबद्दल त्यांनी जे लिहिलं ते दोन्ही बाजूंच्या वकिलांना अडचणीचं आहे. ज्यू खरेदीदारांनी स्वतःला दोष देण्याचं कारण नाही, भाव चढा दिला आणि कायद्याने देणं नसलेले पैसेही कुळांना दिले, असं ते म्हणतात. कुळांचं हित सांभाळणं हे सरकारचं काम होतं. त्याच अहवालात ते हेही सांगतात की भूमिनिधीच्या हाती गेलेली जमीन अरब शेतकऱ्याला कायमची बंद होते, मालक म्हणूनही आणि मजूर म्हणूनही.

अहवालाबरोबर ब्रिटिश वसाहतमंत्री पासफील्ड यांची श्वेतपत्रिका आली आणि ज्यू खरेदीला व स्थलांतराला आळा घालायची भाषा झाली. वाइझमान यांनी झायोनिस्ट संघटनेचं अध्यक्षपद सोडलं, लंडनमध्ये गहजब झाला. १३ फेब्रुवारी १९३१ रोजी पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी वाइझमान यांना पत्र लिहून पत्रिकेतली बहुतेक हवा काढून घेतली. अरबांनी त्या पत्राला ‘काळं पत्र’ म्हटलं. श्वेतपत्रिकेला काळ्या पत्राने उत्तर, हा टोमणा होताच. पण त्या दिवसानंतर ब्रिटिशांच्या कुठल्याही चौकशीवर अरब खेड्याचा विश्वास राहिला नाही.

एक काम मात्र पुढे रेटलं गेलं. विस्थापित भूमिहीनांची यादी करायची आणि सरकारने त्यांना जमीन द्यायची. यासाठी आले लुइस फ्रेंच, हेही आयसीएस, पंजाबचे. यादीत बसायचं कोणी? जमीन ज्यूंच्या हाती गेली म्हणूनच जो उठला, ज्याला दुसरी जमीन मिळाली नाही, आणि ज्याला तितकाच समाधानकारक दुसरा धंदाही मिळाला नाही, तो. नांगऱ्या बाद, कारण तो कूळ नव्हता. कर्जापायी स्वतःच विकणारा बाद. कुठेतरी पुन्हा बटईने तुकडा धरलेला बाद. हैफात हमाली करणाराही बहुधा बादच. प्रत्येक अर्ज ज्यू एजन्सीच्या वकिलांकडे हरकतीसाठी जायचा. आणि खोऱ्यातली कुळं उठून तोवर सहा ते दहा वर्षं लोटली होती. ज्याच्याकडे कधी कागद नव्हता त्याने आपण तिथे होतो हे आता कशाने सिद्ध करायचं? ३,२७१ अर्ज आले. ६६४ मान्य झाले.

हा आकडा पुढे झायोनिस्ट बाजूने वर्षानुवर्षं मिरवला: बघा, विस्थापित म्हणतात ते एवढेच. कचेरीच्या व्याख्येतून जे गळलं ते जगात नाहीच, असं धरून चालणाऱ्यांचा हा जुना खेळ. पण अरब पुढाऱ्यांनाही मोकळं सोडता येत नाही. सभांमध्ये जमीन विकणाऱ्यांना गद्दार म्हणणाऱ्या प्रतिष्ठितांपैकी कित्येकांनी मागच्या दाराने, मध्यस्थामार्फत आपल्या जमिनी विकल्या, आणि खेड्यातल्या लोकांना ते ठाऊक होतं.

उठलेली माणसं गेली कुठे? काही जवळच्या गावांत, काही जॉर्डनपलीकडे, पुष्कळ हैफाला. बंदराचं काम चालू होतं, रोजगार होता. रॉकेलचे डबे ठोकून केलेल्या पत्र्यांच्या झोपड्या शहराच्या कडेला वाढत होत्या. त्या वस्त्यांतून फिरणारा एक सिरियन मौलवी होता, इझ्झुद्दीन अल-कस्साम. इस्तिक्लाल मशिदीचा इमाम आणि लग्नांची नोंद करणारा अधिकारी, त्यामुळे गावोगावी जायला सबब होतीच. डिसेंबर १९३२ मध्ये नहलालमधल्या एका घरावर बॉम्ब पडला. बाप आणि त्याचा लहान मुलगा मेले. धागे कस्सामच्या माणसांपर्यंत गेले. २० नोव्हेंबर १९३५ रोजी जेनीनजवळ याबदच्या रानात ब्रिटिश पोलिसांनी कस्सामला गोळ्या घातल्या. हैफात अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी पाहून शहरातले अरब पुढारीच हबकले. पाच महिन्यांत देशभर संप, मग बंड.

१९३७ च्या जुलैत पील आयोगाने फाळणी सुचवली. गॅलिली आणि हे खोरं ज्यू राज्यात, आणि सोबत लोकसंख्येची अदलाबदल: सुमारे २ लाख २५ हजार अरब एकीकडून, साडेबाराशे ज्यू दुसरीकडून. आजवर प्रश्न कुळाचा होता. आता एका सरकारी कागदाने अख्खा समाज उचलून दुसरीकडे ठेवायची गोष्ट केली. २६ सप्टेंबरला नाझरेथच्या चर्चच्या वाटेवर गॅलिलीचे कमिशनर लुइस अँड्र्यूज यांना गोळ्या घालून मारलं. हेच अँड्र्यूज विस्थापित कुळांच्या पुनर्वसनाचं काम पाहणारे. पुढच्या वर्षी ऐन हारोदला ऑर्ड विंगेट हा नैनितालमध्ये जन्मलेला ब्रिटिश कप्तान ज्यू तरुणांना रात्रीच्या छाप्यांचं शिक्षण देत होता. हँकिनही म्हातारे झाले होते. १९४५ मध्ये ते वारले आणि ऐन हारोदच्या त्याच झऱ्यावरच्या उतारावर, ओल्गाशेजारी, त्यांना पुरलं.

१९४७ पर्यंत साऱ्या पॅलेस्टाईनपैकी ज्यू मालकीची जमीन सात टक्क्यांच्या आसपास होती. पुढचं साल मोजमापाचं नव्हतंच. नोव्हेंबर १९४७ चा संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव, अरबांचा नकार, आधी यादवी आणि मग शेजारच्या अरब फौजांची चढाई. एप्रिल १९४८ मध्ये कावुक्जीच्या अरब मुक्तिसेनेने खोऱ्यातल्या मिश्मार हाएमेक किबुत्झवर तोफा डागल्या. तो हल्ला मोडला आणि हगाना या ज्यू सेनेने भोवतालची अबू शुशा, अबू झुरैक, अल-मन्सी, अल-कफ्रैन ही गावं घेऊन जमीनदोस्त केली. मे महिन्यात झिरइन हे गावही गेलं. देशभरातून सात लाखांच्या आसपास अरब निर्वासित झाले. खोऱ्यातले पुष्कळ जेनीनकडे सरकले, जिथून आपली शेतं नजरेच्या टप्प्यात होती.

इथे कायद्याची गाडी उलटी फिरली. १९२० च्या दशकात कूळ हरलं ते कुशान नव्हता म्हणून; वहिवाट शंभर वर्षांची असली तरी कागद सुरसूकांचा होता आणि कागद श्रेष्ठ ठरला. १९५० मध्ये इस्रायलने अनुपस्थितांच्या मालमत्तेचा कायदा केला. आता कुशान असलेल्यांची, कधी काही न विकलेल्यांची, ब्रिटिशांच्या नोंदवहीत नाव असलेल्यांची जमीनही सरकारी अभिरक्षकाकडे गेली, कारण ते तिथे नव्हते. पूर्वी कागदाने वहिवाटीला हरवलं, नंतर ताब्याने कागदाला. ‘आम्ही विकत घेतली’ असं म्हणणारा पहिल्या काळाबद्दल खरं बोलतो, ‘आम्हाला हाकललं’ म्हणणारा दोन्ही काळांबद्दल. ‘सगळंच विकत घेतलं’ आणि ‘काहीच विकलं नव्हतं’ ही दोन्ही विधानं दप्तराच्या पहिल्या तासाभरात कोसळतात.

नाझरेथच्या पश्चिमेला मालूल नावाचं गाव होतं, मुसलमान आणि ख्रिस्ती मिळून १९४५ मध्ये ६९० वस्ती. त्याची बरीचशी जमीन १९२१ च्या सुरसूक विक्रीत गेली आणि नहलालला लागली. गावकरी हटले नाहीत. अर्ज-विनंत्या, वाद करत सरकारकडून मिळालेल्या तुकड्यांवर तग धरून राहिले. १५ जुलै १९४८ रोजी इस्रायली सैन्याने मालूल घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नाझरेथ. मालूलचे पुष्कळ लोक नाझरेथला आणि शेजारच्या याफा गावात (हे बंदराच्या याफाहून वेगळं) जाऊन राहिले, इस्रायलचे नागरिक झाले, पण घरी परतायची परवानगी त्यांना मिळाली नाही. घरं पाडली गेली, त्यावर भूमिनिधीने पाइनचं जंगल लावलं. दोन चर्चं आणि एक मशीद उभी आहे.

नहलालमध्ये वाढलेला सर्वांत नावाजलेला मुलगा म्हणजे मोशे दायान. १९६९ च्या वसंतात, संरक्षणमंत्री असताना, ते हैफाच्या तंत्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांपुढे बोलले. या देशात अरब गाव नव्हतं अशा जागेवर बांधलेली एकही वस्ती नाही, असं सांगून त्यांनी नावं घेतली: माहलूलच्या (म्हणजे मालूलच्या) जागी नहलाल, जिब्ताच्या जागी ग्वात, हुनैफिसच्या जागी सारिद, तल अल-शुमानच्या जागी कफर येहोशुआ. हे शेवटचं हँकिन यांच्या नावाचं. पॅलेस्टिनी बाजूने हे भाषण गेली पन्नास वर्षं कबुलीजबाब म्हणून उद्धृत होतं, आणि बहुतेक वेळा त्यातलं एक वाक्य गाळून: पुष्कळ ठिकाणी आम्ही जमीन अरबांकडून विकत घेतली, असं ते त्याच दमात म्हणाले होते. इस्रायली बाजू ते गाळलेलं वाक्य परत आणून ठेवते आणि गावांची नावं गाळते. मालूलची जमीन १९२१ मध्ये विकली गेली आणि गाव १९४८ मध्ये उठवलं गेलं. ते दोन्ही वाक्यांत बसतं.